तिरका बर्फ

१

ऐक ना. हातातलं ते ठेव खाली आणि आधी नुसतं ऐक. मध्ये प्रश्न विचारलेस तर माझाच धागा तुटेल, कारण या प्रकरणात सरळ असं काही नाहीच आहे.

आपली देविका सप्तर्षी, दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समधली. एम.एस्सी. झाल्यावर बाकीच्या मैत्रिणी बँकेच्या परीक्षांना बसल्या आणि ही गेली थेट गुडगावला, एका लॅबमध्ये. लॅब म्हणजे एका कोठीचा, बंगल्याचाच म्हण ना, खालचा मजला. समोर मोहरीचं शेत, मागे काचेचा अर्धवट टॉवर, आणि मधल्या रस्त्यावरून म्हशी आणि परदेशी गाड्या एकाच चालीनं जातायत, असं तेव्हाचं गुडगाव.

आदल्या वर्षी दिल्लीत डेंग्यू आला होता ना, घरटी एक तरी माणूस तापानं फणफणलेलं, तेव्हा देविकाच्या मॅडम, डॉ. शालिनी करंदीकर, हॉस्पिटलं पालथी घालत होत्या. पेशंटच्या उशाशी बसायचं, नातेवाइकांना हात जोडायचे आणि थोडंसं रक्त मागून आणायचं. मग त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि ही लॅब काढली. ध्यास एकच होता. खेड्यातल्या डॉक्टरनं पेशंटच्या रक्ताचा थेंब कागदाच्या पट्टीवर टाकावा आणि पट्टीवर जांभळी रेघ उमटली की समजावं, हा डेंग्यू. मशीन नको, लाइट नको, शहरात धावायला नको.

ती पट्टी खरी चालते का हे तपासायचं कशावर? तर त्याच जमवलेल्या रक्तावर. त्यातलं लाल काढून टाकून जे पिवळसर पाणी उरतं, सीरम म्हणतात त्याला, ते छोट्या बाटल्यांत भरून गोठवून ठेवलेलं. आणि ठेवलेलं कशात, तर सदर बाजारातल्या एका आइस्क्रीमवाल्याकडून उचललेल्या डीप फ्रीजरमध्ये. त्याच्या अंगावर अजून अर्धा खरवडलेला कोन होता. हसू नकोस, नवीन फ्रीजर घेण्याची ऐपत नव्हती त्यांची.

दसऱ्याची सुट्टी संपून सोमवारी देविका लॅबमध्ये आली. महिनाअखेरीस तपासणी समिती यायची होती, म्हणून मॅडम म्हणाल्या, एकदा सगळ्या बाटल्यांवर पट्टी चालवून घे. तिनं फ्रीजरचं झाकण उचललं. एरवी ते बर्फानं असं धरून बसायचं की दोघांनी ओढावं लागायचं, त्या दिवशी एका हातात उघडलं. तिला बरंच वाटलं. बाटल्या काढल्या, सीरम वितळवलं, पट्ट्या मांडल्या.

आणि सगळा सावळागोंधळ. जे पेशंट हॉस्पिटलात मरता मरता वाचले होते त्यांच्या पट्ट्या कोऱ्या, आणि जी धडधाकट माणसं तुलनेसाठी घेतली होती, म्हणजे देविकाचे स्वतःचे बाबासुद्धा, त्यांना डेंग्यू. तिनं पट्ट्या बदलल्या, पुन्हा केलं. आता तिसरंच काहीतरी. सीरम बघितलं तर ताकासारखं गढूळ.

मॅडमनी एक बाटली उजेडात धरली. हलवून बघितली. मग हळूच म्हणाल्या, "देविका, ही आपली सीरम नाहीत. कुणीतरी बदलली आहेत."

२

बदलली म्हणजे चोरली, आणि आपल्याला कळू नये म्हणून त्या जागी दुसरं काहीतरी भरून ठेवलं. मॅडमचं म्हणणं असं. मुंबईची एक मोठी कंपनी अशाच पट्टीच्या मागे होती आणि ते सीरम पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. यंदा ताप तेवढा आलाच नव्हता. गेल्या वर्षीचे पेशंट बरे होऊन घरी गेले होते, काही तर गेलेच होते. त्यांचं तेवढंच काय ते उरलं होतं त्या फ्रीजरमध्ये.

कुलूप तुटलेलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे. एक मॅडमची, पण मॅडम खुद्द शुक्रवार ते रविवार हैदराबादला सेमिनारला. दुसरी घरमालक खुरानांची. तिसरी निहारची.

निहार म्हणजे निहार अमोलिक, देविकाच्या वरचा, मुंबईचा. हुशार पण तोंडाळ. त्याला अमेरिकेत पीएच.डी.ला जागा मिळाली होती, तीसुद्धा मॅडमच्याच शब्दावर. आणि गेल्याच महिन्यात पेपरवर कुणाचं नाव आधी यावरून त्याचं आणि मॅडमचं कडाक्याचं वाजलं होतं. तेव्हा तो सगळ्यांसमोर बोलून गेला होता की ही सीरम त्याच्याशिवाय कुणाच्या कामाची नाहीत.

मॅडमनी देविकाला खोलीत बोलावून दार लावलं. पोलिसांत जायचं नाही, समितीला कळलं तर लॅबच बंद होईल. तूच काय ते बघ, म्हणाल्या, तू कुणाच्या अध्यात ना मध्यात. आणि मग म्हणाल्या,

"शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या अमेरिकेतल्या प्रोफेसरांना फोन करणार आहे. एका चोराची शिफारस मी करून बसलेय, ती परत घ्यायला नको? तोपर्यंत तुला दुसरं कुणी सापडलं तर सांग."

म्हणजे बघ, शुक्रवारपर्यंत खरं काय ते कळलं नाही तर निहारचं आयुष्य एका फोनमध्ये खलास. आणि देविकाला धड हेही माहीत नव्हतं की तो निर्दोष आहे असं तिला वाटतंय, की तो तसा असावा अशी नुसती इच्छा आहे.

३

ती आधी गेटवरच्या रामफलकडे गेली. रामफल रेवाडीकडचा, मिशा वळलेल्या, वॉचमनही तोच आणि लाइट गेली की जनरेटर चालू करणाराही तोच. बिडी विझवून म्हणाला, "बाहर का तो कोई ना आया जी, कसम ले लो." लाइट गेली होती का, तर तीही नाही. दसऱ्याला सरकारनं खूश केलं म्हणे, दिवा एकदाही लुकलुकला नाही.

मग खुराना. या खुरानांना कोठी रिकामी हवी होती, कारण कुठल्याशा अमेरिकन कंपनीला तिथे ऑफिस थाटायचं होतं आणि ती तिप्पट भाडं द्यायला तयार होती. देविकाला वाटलं, झालं, सापडला. पण खुराना अख्ख्या खानदानासकट नवरात्रभर वैष्णोदेवीला. मंगळवारी परत आले ते पाय सुजलेले, आणि देविकाच्या हातात प्रसादाचे अक्रोड कोंबून म्हणाले की बेटी, किल्ली तर माझ्या कमरेलाच होती, माताच्या दरबारापर्यंत जाऊन आली.

मग रसिका. ही पुण्याची, लॅबमध्ये नवीन, सगळ्यांच्या आधी सगळं माहीत असणारी. ती बुधवारपासून पुण्यात होती आणि येताना आपट्याची पानं घेऊन आली होती, दिल्लीत मिळत नाहीत म्हणून. देविकाच्या हातात सोनं ठेवलं आणि त्याच दमात कानाशी लागली, की सोमवारी ती आली तेव्हा निहार एकटाच फ्रीजरपाशी होता, झाकण उघडं, दोन्ही हात आत. तिला बघून त्यानं धाडकन झाकण लावलं.

"मी नाव नाही घेत कुणाचं," रसिका म्हणाली, "पण अगं, चेहराच पडला होता त्याचा."

देविका निहारकडे गेली तर तो उसळलाच. म्हणाला, मॅडमनी तुला सीआयडी नेमलंय का? जा, लिही, चोर सापडला. आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला, खाली काच नसताना.

या सगळ्यात तिच्याशी शांतपणे बोलणारं एकच माणूस होतं, मुरलीधरकाका. मॅडमचे मिस्टर. जन्म पिंपरीच्या कारखान्यात गेला, शेकडो लेथ मशिनं त्यांच्या हाताखाली. रिटायर झाले आणि बायकोपाठोपाठ गुडगावच्या सातव्या मजल्यावर येऊन पडले. ओळख कुणाशी नाही. हिंदी अशी की भाजीवाला त्यांना इंग्रजीत उत्तर द्यायचा. रोज संध्याकाळी मारुती घेऊन मॅडमना न्यायला यायचे, ते मुद्दाम लवकर यायचे, थर्मासमध्ये चहा घेऊन. कुणाचं स्टूल डुगडुगतंय, कुठल्या दाराची बिजागरी कुरकुरतेय, बघायचे, ठीक करायचे. देविकाला मराठीत पोटभर गप्पा मारायला मिळायच्या, तेही खूश.

ती काकांना सगळं सांगत गेली. काका ऐकताना दर थोड्या वेळानं मान हलवायचे. शालू रात्र रात्र झोपत नाही गं, म्हणाले. ज्यानं कुणी हे केलं त्याला माहीत तरी आहे का, ती कशी फिरली होती या बाटल्यांसाठी.

देविका घरी निघाली तेव्हा तिच्या डोक्यात एकच होतं. चोर आला नाही, चावी गेली नाही, लाइट गेली नाही. मग सीरम बदललं कुणी? आणि ब्लूलाइन बसमध्ये लोंबकळताना, महिपालपूरपाशी, तिला वेगळंच काहीतरी सुचलं. बदललंय हे तरी कुणी बघितलं होतं?

४

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी पोचली, खुरानांकडून किल्ली घेतली आणि जी सीरम अजून वितळवलेली नव्हती ती एक एक काढून बघत बसली. चिठ्ठ्या तिच्या स्वतःच्या अक्षरातल्या. बूच तिनं बसवलेलं, त्यावरचं मेण तिनं लावलेलं, कुठे चरा नाही. अरे यार, कुणी सीरम बदलणार तर बूच उघडणार ना?

मग तिनं बाटली डोळ्यासमोर धरली आणि आतला बर्फ बघितला.

बघ, आपण पेल्यात पाणी घालून फ्रीजरमध्ये उभा ठेवला तर वरचा बर्फ कसा होतो? सपाट. या बाटल्या स्टँडमध्ये उभ्या असतात, कायम. बर्फ सपाटच असायचा. देविकानं स्वतः शंभरदा बघितलेला. आणि आता आतला बर्फ तिरका. एका बाजूनं वर चढलेला, दुसऱ्या बाजूनं खाली. ही पण तिरकी. ती पण तिरकी. सगळ्याच्या सगळ्या, एकाच बाजूला कललेल्या.

म्हणजे सीरम कुणी चोरलंच नव्हतं. तेच होतं. फक्त मधल्या काळात ते वितळलं होतं, चांगलं उबेला पडून नासलं होतं, आणि मग आडव्या ठेवलेल्या स्टँडमध्ये पुन्हा गोठलं होतं.

ती तशीच निहारपुढे जाऊन उभी राहिली आणि बाटली त्याच्या नाकासमोर धरली. विचारलं, स्टँड उभा कुणी केला?

निहारचा सगळा तोरा उतरला. सोमवारी आला तर स्टँड आडवे पडलेले दिसले, म्हणाला. शुक्रवारी दुपारी शेवटचं झाकण त्यानंच लावलं होतं. त्याला वाटलं, घाईत आपल्याच हातून स्टँड कलंडला. म्हणून कुणी बघायच्या आत उभे केले आणि गप्प बसला.

"मग हे मॅडमना सांग ना."

"काय सांगू? की तुम्ही ज्याला चोर म्हणताय तो चोर नाही, निष्काळजी आहे? त्यांनी ऐकलं असतं?"

देविकानं बाटली परत नेऊन ठेवली. गाठ अजून सुटलीच नव्हती. लाइट गेली नाही, फ्रीजर बिघडला नाही, आज सुरळीत चालतोय. म्हणजे कुणीतरी हातानं बंद केला आणि हातानंच पुन्हा चालू केला. ज्याला नासधूस करायचीय तो परत चालू कशाला करेल?

निहार म्हणाला, "किंवा मीच केलंय आणि तुला बनवतोय. हे पण धरून चाल." आणि हसला नाही.

५

गुरुवारी तिनं फ्रीजर पुसायला घेतला. काही हाती लागेल म्हणून नव्हे, हात स्वस्थ बसेनात म्हणून. धुण्याच्या सोड्याचं पाणी केलं, फडकं बुडवलं, झाकण पुसलं. मुठीच्या खाली एक पिवळट डाग होता, एवढासा, बोटाच्या पेराएवढा. तिनं त्यावर फडकं दाबलं आणि डाग लाल झाला.

लालभडक. तिनं हात मागे घेतला. डेंग्यूचं रक्त बाहेरून लागलंय की काय? पण रक्त लाल असतं आणि धुतलं की फिकट होतं, पिवळं असून लाल कसं होईल? तिनं मागच्या बाजूला पुसलं. तिथेही एक डाग, तोही लाल. रक्त गरगर फिरवायच्या सेंट्रिफ्यूजवर एक. मायक्रोस्कोपच्या पायाशी एक. प्रत्येक मशिनला एकेक, जणू कुणी खूण करून गेलंय. ती घाबरून फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी घेऊन आली.

देविकाची आई, प्रभा सप्तर्षी, स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. तिनं फडकं बघितलं आणि म्हणाली, एवढं काय त्यात, हळद आहे. साबण लागला की हळद लाल होते. तुझी शाळेची पांढरी कॉलर मी कितीदा अशी धुतलीय.

लॅबमध्ये दिवसभर रंग बदलणाऱ्या पट्ट्या बनवणारी मुलगी, आणि हे तिला आईनं सांगावं लागलं. पण मशिनला हळद कशाला कोण लावेल? तिनं आईला विचारलं, विश्वकर्मा पूजा होती का? आर. के. पुरमच्या गॅरेजमध्ये व्हायची ती, बुंदी वाटायचे.

"ती नव्हे गं, ती सप्टेंबरात झाली," आई म्हणाली. "दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपली खंडेनवमी नाही का. सांगलीला आजोबांच्या छापखान्यात सगळी मशिनं बंद करायचे, पुसून लख्ख करायचे, हळदकुंकू, झेंडू वाहायचे. त्या दिवशी यंत्राला राबवायचं नाही, दसऱ्याला पूजा उतरवायची आणि मग चालू करायचं. तू कुठे बघितलंयस. तुझा दसरा म्हणजे रामलीलेचा रावण आणि पापडी चाट."

देविका भाजीच्या ढिगाशेजारीच बसली. बंद केला आणि पुन्हा चालू केला. नासधूस नव्हतीच ती. विश्रांती होती.

पण दिली कुणी?

६

शुक्रवारी दिवसभर ती हाच हिशेब मांडत होती. खंडेनवमी पाळणारा म्हणजे मराठी. खुराना बाद, ते तर डोंगरावर होते. निहार मराठी, पण मूळ नगरच्या ख्रिस्ती घरातला. त्याला खंडेनवमी विचारली तर म्हणाला, तो कुठला पदार्थ? रसिका पुण्यात. मॅडम हैदराबादला. स्वतः देविकाला तर कालपर्यंत तो शब्दही माहीत नव्हता. लॅबमधलं कुणी उरलंच नाही.

म्हणजे लॅबमधलं नसलेलं कुणीतरी. पण रामफल शपथेवर सांगतोय, बाहेरचं कुणी आलं नाही.

आणि तिथेच ती थांबली. बाहेरचं कुणी नाही. मग घरचं? रोज गाडी आत घेणारं, स्टूल ठोकणारं, ज्याला बघून रामफल उठून सलाम करतो? आणि मॅडमची किल्ली हैदराबादला गेली असं सगळ्यांनी धरलं होतं, मॅडमना कुणी विचारलं होतं? गणपतीत ती आरतीला गेली होती तेव्हा तीच किल्ली त्यांच्या दारामागच्या खिळ्याला लटकत होती, स्वतः बघितलेली तिनं.

तिला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. चुकायलाच हवं होतं. ती सायकल रिक्षा करून मॅडमच्या सातव्या मजल्यावरच्या घरी गेली.

दार काकांनी उघडलं. मॅडम अजून यायच्या होत्या. काकांनी तिला बसवलं, चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच काय काय बोलत राहिले. तिनं कसंबसं विचारलं, काका, खंडेनवमीला तुम्ही लॅबमध्ये आला होता?

काका बाहेर आले ते हसत. आलं म्हणायचं लक्षात कुणाच्या तरी. शालू हैदराबादला, घरात एकटं करायचं काय, म्हणून गेलो, म्हणाले. तिथली मशिनं बघून वाईट वाटायचं गं, कुणी कधी पुसत नाही, तेल घालत नाही. सगळी बंद केली, पुसली, पूजा केली. फुलं दसऱ्याला उतरवून घेतली, पाकळ्या पडल्या तर शालू रागावेल म्हणून. "आणि तुमचा तो फ्रीज. केवढा बर्फ साचला होता आत. आपण घरी कसा दसऱ्याच्या आधी वितळवून साफ करतो, तसा केला. नाहीतर मोटर बसते. तुमच्या बाटल्या इकडच्या तिकडे केल्या नाहीत हां, स्टँडसकट परातीत ओल्या फडक्यात नीट निजवून ठेवल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी तशाच आडव्या..."

तिथेच ते थांबले. देविकाच्या डोळ्यांत पाणी आलेलं त्यांनी बघितलं. आत चहा उतू गेला, त्याचा वास आला, दोघंही हलले नाहीत.

"शालूच्या बाटल्या," काका म्हणाले.

७

आणि अगदी त्याच वेळी दारात मॅडम. चप्पल काढता काढता देविकाला म्हणाल्या, बरं झालं आलीस, काही सापडलं नाही ना? आणि सरळ फोनपाशी गेल्या. अमेरिकेत ऑफिसं उघडली असतील आता, म्हणाल्या, आणि नंबर फिरवायला लागल्या.

काका खांबासारखे उभे. बोलतील, बोलतील म्हणून देविका बघत राहिली. मॅडमचं बोट शेवटच्या आकड्यांवर पोचलं तेव्हा तिनं पुढे होऊन फोनचा खटका दाबला. मॅडमचा हात हवेतच राहिला.

"निहारनं नाही केलं, मॅडम."

आणि तिनं तिरक्या बर्फाचं सगळं सांगितलं. चोरी झालीच नाही, सीरम बदललं नाही, नुसतं वितळलं. मॅडम हुशार बाई, पटकन समजल्या. खुर्चीत बसल्या. पण वितळलं कसं, म्हणाल्या. देविकानं काकांकडे बघितलं. काका फरशीकडे बघत होते. आणि तिच्या तोंडून निघून गेलं, लाइट गेली असेल मॅडम, जास्त वेळ. गुडगावच आहे हे.

झालं, तिला वाटलं, सुटलो. निहार सुटला, काका सुटले, लाइटला कोण बोल लावणार, ती तर सगळ्यांचीच जाते.

मॅडम एकदम ताठ झाल्या. म्हणजे रामफल, म्हणाल्या. जनरेटर त्यानं चालू करायचा होता. झोपला असणार नाहीतर गावी पळाला असणार सणाला, आणि वर शपथ घेऊन सांगतो लाइट गेलीच नाही. खोटारडा. आजच्या आज खुरानांना सांगून काढून टाकते त्याला, कोठीच्या मागची ती खोलीही रिकामी करू दे. आणि पुन्हा रिसीव्हर उचलला, या वेळी खुरानांना लावायला.

रामफलची बायको दोन महिन्यांपूर्वीच गावाहून पोरांना घेऊन त्या खोलीत आली होती.

देविकानं पुन्हा काकांकडे बघितलं. काकांनी मान वर केली होती. त्यांचे ओठ हलले, म्हणजे तिला तरी तसं वाटलं. पण पलीकडे घंटी वाजायला लागली होती, खुराना कुठल्याही क्षणी हॅलो म्हणणार होते, आणि तिला धीर निघाला नाही.

"लाइट नव्हती गेली, मॅडम. फ्रीजर काकांनी बंद केला. खंडेनवमी होती."

रिसीव्हरमधून खुरानांचं हॅलो, हॅलो ऐकू येत राहिलं. मॅडमनी तो हळूच खाली ठेवला. काकांवर ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अहो, मला नाही का सांगायचं?" आता यात पूजेचं सांगायचं होतं, की आठवडाभर मॅडमचं झुरणं बघताना सांगायचं होतं, की आत्ता, या पोरीनं सांगायच्या आधी, हे देविकाला कळलं नाही. काकांनाही कळलं नसावं. ते म्हणाले, मी सांगतच होतो, शालू.

पुढचं ऐक. निहार अमेरिकेला गेला. रामफल आहे गेटवर. मॅडम पुढच्या तापाच्या मोसमात पुन्हा हॉस्पिटलांच्या पायऱ्या चढल्या, पुन्हा शून्यापासून, पट्टी वर्षभर मागे पडली. समितीला त्यांनी स्वतःच सांगितलं, चूक माझ्या घरातली. आणि काका लॅबमध्ये येत नाहीत. मॅडम रिक्षानं घरी जातात. कुणी काकांना येऊ नका म्हटलेलं नाही हं, ते आपणच येत नाहीत.

आणि ही देविका, सगळं बरोबर ओळखलेली, अजून तिथेच अडकून बसलीय. म्हणते, ते सांगणार होते. ओठ हलले होते, मी बघितलं. मी जराशी थांबले असते तर ते त्यांच्या तोंडून आलं असतं आणि आज ते थर्मास घेऊन संध्याकाळी आले असते. मग म्हणते, नाही, कसले सांगतायत, आधी निहारच्या वेळी गप्पच उभे होते ना. परत म्हणते, पण तेव्हा त्यांना धक्का बसला होता.

मला काही सांगता आलं नाही तिला. तूच सांग. फोनवर घंटी वाजतेय, रामफलची पोरं त्या खोलीत आहेत, आणि समोर तो म्हातारा माणूस ओठ हलवतोय. तू काय केलं असतंस? थांबण्याचा धीर झाला असता तुला?